खेळ घडविणारी मुक्त साधने

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या चढणीवर एकाच कातळात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर आहे. तेथील इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेचे माप २७० हात दिले असून, रोज फुलांच्या ५० माळा वाहाव्यात अशी व्यवस्था नमूद केली आहे. या दोन्ही संख्यांतील शून्य आजच्याप्रमाणेच एका लहान वर्तुळाने दाखविलेले आहे. ज्यांचा काळ निश्चितपणे सांगता येतो अशा भारतातील अगदी जुन्या शून्यांमध्ये त्याची गणना होते. याच किल्ल्याच्या पायथ्याशी, लष्कर आणि मोरार या भागांत, आज असंख्य मुले अशी यंत्रे हाताळीत असतात की ज्यांचा सारा व्यवहार शून्य आणि एक या दोन अंकांवर चालतो. मात्र ही यंत्रे हाताळणाऱ्या मुलांपैकी त्यांना आज्ञा देणारी किती, असा प्रश्न विचारला तर उत्तर समाधानकारक मिळत नाही.

मुले मोबाइलवर खेळतात आणि पालक त्यांच्यावर रागावतात, हे दृश्य आता घरोघरी पाहावयास मिळते. पालकांची चिंता निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनी अनेक कुटुंबांची हानी केली आणि अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली. परंतु बंदी हे शिक्षण होऊ शकत नाही. मुलाच्या हातातील खेळ काढून घेतला तर त्याचा हात रिकामा राहतो, आणि रिकामा हात फार काळ स्वस्थ बसत नाही. तोच खेळ कसा बनतो, पडद्यावरील चेंडू का उसळतो, गुण कोण मोजतो, हे त्या मुलाला दाखविले तर त्याची खेळाची ओढ विद्येच्या कामी येऊ शकते. याकरिता फार खर्चाची गरज नाही. एकाच बोर्डावर सामावलेला लहान संगणक आणि मुक्त सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर हे कार्य आरंभता येते.

या लहान संगणकांमध्ये सर्वांत परिचित नाव ‘रास्पबेरी पाय’चे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिण्याचा सराव पूर्वीइतका राहिलेला नाही, असे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. १९८१ मध्ये निघालेला ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक सुरू करताच पडद्यावर आज्ञेची वाट पाहत उभा राहत असे. मुलाने काही लिहिल्याखेरीज तो काही करीतच नसे. आपल्या देशातही १९८४-८५ मध्ये सरकारच्या ‘क्लास’ या योजनेतून हेच संगणक निवडक शाळांत आले होते. पुढे संगणक सुबक झाले आणि तयार खेळांनी व चित्रांनी भरून आले. आज्ञेची ती मोकळी जागा मात्र दृष्टीआड गेली. ती परत आणावी या हेतूने २००९ मध्ये एक धर्मादाय संस्था स्थापन झाली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी साधारण पत्त्याच्या पानाएवढा असा हा संगणक ३५ डॉलर किमतीला विक्रीस आला. २०१५ च्या नोव्हेंबरात तर त्याची ‘झीरो’ नावाची छोटी आवृत्ती एका मासिकाच्या अंकासोबत वाचकांना भेट देण्यात आली. मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून संगणक वाटला जावा, ही घटना त्या यंत्राच्या स्वस्ताईची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

आता साधनांकडे वळू. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो व त्यामुळे घोटाळा होतो. मराठीत सुदैवाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मोबाइलवरील बहुतेक खेळ फुकट मिळतात, पण ते मुक्त नसतात. त्यांच्या आत काय लिहिले आहे ते पाहण्याची कोणास मुभा नसते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे सॉफ्टवेअरच्या मुक्ततेची चार लक्षणे मांडली. कोणत्याही कामासाठी प्रोग्राम चालविण्याचे स्वातंत्र्य, त्याचा अभ्यास करून त्यात बदल करण्याचे स्वातंत्र्य, त्याच्या प्रती इतरांना देण्याचे स्वातंत्र्य आणि आपण सुधारलेली आवृत्ती प्रसृत करण्याचे स्वातंत्र्य, ही ती चार लक्षणे होत. त्यांचे क्रमांक संगणकाच्या रीतीप्रमाणे शून्यापासून तीनपर्यंत दिले जातात.

ग्वाल्हेरच्या रहिवाशाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. घराण्यांच्या चिजा एके काळी गुरूच्या कंठात आणि मर्जीत बंदिस्त असत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी त्या परिश्रमपूर्वक गोळा केल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून सर्वांपुढे ठेवल्या. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरात जे माधव संगीत महाविद्यालय निघाले, ते भातखंडे यांच्याच मार्गदर्शनाखाली. स्वरलिपी वाचून कोणी तत्काळ गवई होत नाही. गुरू लागतो व रियाजही लागतो. पण स्वरलिपी छापली गेल्यामुळे चीज शिकण्याचा अधिकार कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही. प्रोग्रामची मूळ संहिता खुली होणे हे याच जातीचे कार्य आहे.

प्रत्यक्ष जुळणी अशी करावी. संगणकाचा बोर्ड, त्याला योग्य असा वीजपुरवठा, निदान १६ जीबीचे मायक्रो एसडी कार्ड, कीबोर्ड, माउस आणि घरातील एचडीएमआय जोडणीचा दूरदर्शन संच एवढे साहित्य जमवावे. दुसऱ्या एखाद्या संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा मोफत प्रोग्राम घेऊन त्याच्या साहाय्याने कार्डावर कार्यप्रणाली लिहावी. ही प्रणाली १९९३ पासून स्वयंसेवकांनी वाढविलेल्या ‘डेबियन’वर आधारलेली आहे. लिहिताना बोर्डाचा प्रकार, प्रणाली आणि कार्ड या तीन गोष्टी नीट निवडाव्यात. चुकून दुसरेच कार्ड किंवा पेनड्राइव्ह निवडले गेले तर त्यावरील सारा मजकूर पुसला जातो, म्हणून येथे घाई करू नये.

प्रथम सुरू करताना कीबोर्डाची निवड पाहून घ्यावी. ती इंग्लंडच्या पद्धतीची राहिली असेल, तर अवतरणचिन्हाची कळ दाबल्यावर ‘ॲट’चे चिन्ह उमटते आणि नवशिका बिचारा आपला प्रोग्राम चुकला असे समजून तासभर शोध घेत बसतो. भारतात मिळणाऱ्या कीबोर्डांना अमेरिकन मांडणी जुळते. त्यानंतर टर्मिनल उघडून ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ या दोन आज्ञा रोमन अक्षरांत टंकित कराव्यात. पहिलीने उपलब्ध सामग्रीची यादी ताजी होते व दुसरीने जुनी सामग्री बदलून नवी बसते. आज्ञा पाठ करण्यापेक्षा प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारण्याची सवय मुलांना लावावी. ‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, एवढे कळले तरी तो शब्द जपून वापरावा हे मूल आपोआप शिकते.

प्रोग्राम लिहिण्यासाठी ‘पायथन’ ही भाषा सोयीची आहे. गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ‘रास्पबेरी पाय’मधील ‘पाय’ हा शब्द तिच्याच नावावरून आला. लिहिण्याची वही म्हणून ‘थॉनी’ हा प्रोग्राम वापरावा. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तो तयार झाला असून, एकेक आज्ञा सावकाश चालवून त्या त्या क्षणी कोणत्या नावाखाली कोणती किंमत आहे हे तो दाखवितो. खेळासाठी ‘पायगेम’ हा संच घ्यावा. चित्र काढणे, ध्वनी वाजविणे, कळ दाबली गेली का ते पाहणे, ही कामे त्याच्यामुळे सुलभ होतात. अगदी लहान मुलांकरिता ‘पायगेम झीरो’ हा त्याहून सोपा संच आहे. डेबियनच्या भांडारातून हे दोन्ही एकेका आज्ञेने बसविता येतात.

येथे एक अडचण हटकून येते. ‘पिप’ या साधनाने नवा संच थेट बसवू गेल्यास, २०२३ पासूनच्या आवृत्त्यांत संगणक नकार देतो व पायथनची व्यवस्था प्रणालीच्या ताब्यात आहे असे सांगतो. पुष्कळ जण हा नकार मोडून काढणारा पर्याय शोधतात. त्या पर्यायाच्या नावातच ‘प्रणाली मोडा’ असे शब्द आहेत, यावरून बोध घ्यावा. सरळ मार्ग म्हणजे ‘व्हेन्व्ह’ या आज्ञेने प्रत्येक खेळासाठी निराळी जागा आखणे. शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येक गटाचा ट्रे वेगळा ठेवतात, म्हणजे एकाच्या हातून सांडलेले दुसऱ्याच्या प्रयोगात मिसळत नाही. तसाच हा प्रकार आहे. ज्यांना पुढे अधिक वेग हवा असेल त्यांना ‘सी’ भाषेचा ‘जीसीसी’ हा अनुवादक आणि ‘एसडीएल’ हा संच त्याच भांडारातून मिळतो. पायगेमही आतून एसडीएलवरच उभे आहे.

साधने बसली की पहिला खेळ कोणता घ्यावा? सापशिडीचा घ्यावा, तिचे नियम घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक असतात आणि तिच्यात गणित पुरेपूर भरलेले आहे. फासा म्हणजे एक ते सहा यांतील यदृच्छेने निवडलेली संख्या. साप म्हणजे दोन संख्यांची जोडी: ९८ वर आलेला २८ वर जातो. शिडीही तशीच जोडी, केवळ दुसरी संख्या मोठी. पटावर घरे शंभर, पण पायथन मोजणी शून्यापासून करते. म्हणून पहिले घर शून्य क्रमांकाचे व शंभरावे ९९ क्रमांकाचे. मग ते घर पडद्यावर कोठे काढावे? क्रमांकाला दहाने भागावे. भागाकार म्हणजे खालून मोजलेली ओळ आणि बाकी म्हणजे ओळीतील स्थान. १४ वे घर घेतले तर क्रमांक १३, भागाकार १, बाकी ३. परंतु सापशिडीत दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे जाते. म्हणून भागाकार विषम असेल तेव्हा बाकी ९ मधून वजा करावी. उत्तर येते ६, म्हणजे शून्यापासून मोजल्यास डावीकडून सहावे आणि एकापासून मोजल्यास सातवे स्थान. भागाकार आणि बाकी कशाला शिकावयाची, असे वर्गात विचारणाऱ्या मुलाला याहून चांगले उत्तर देणे कठीण आहे.

प्रत्येक खेळाच्या मुळाशी एक आवर्तन असते. कोणती कळ दाबली ते पाहावे, त्याप्रमाणे स्थिती बदलावी, चित्र नव्याने काढावे आणि पुन्हा आरंभ करावा. सेकंदाला ६० चित्रे काढावयाची तर एका आवर्तनाला सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतात. जुन्या व दुबळ्या बोर्डावर ३० चित्रे पुरतात. सोंगटी अडखळत चालली, तर कोठे वेळ वाया जातो याचा मुलांनी स्वतः शोध घ्यावा. बोर्डावरील ४० टाचण्यांपैकी दोहोंना साधे बटण जोडून फासा टाकण्याची कळही करता येते. मात्र या टाचण्या ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्टचा प्रवाह दिला तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

मराठी मुलांसाठी आणखी एक आनंदाची गोष्ट अशी की, २००८ पासूनच्या पायथनमध्ये नावे देवनागरीत देता येतात. ‘फासा’, ‘साप’, ‘शिडी’, ‘घर’ अशी नावे मूल आपल्या लिपीत लिहू शकते. मूळ आज्ञांचे शब्द तेवढे इंग्रजी राहतात. खेळणाऱ्याने मराठी अंकांत संख्या लिहिली तरी पायथन तिचे मूल्य ओळखते. पडद्यावर मराठी उमटविताना मात्र दक्षता हवी. अक्षरजुळणीची सोय नसेल तर ‘शिडी’तील ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे तुटतात. ‘पायगेम कम्युनिटी एडिशन’ या शाखेत, लिपी देवनागरी आहे असे सांगण्याची सोय केलेली आहे. ही शाखाही मुक्ततेचेच फळ होय: २०२३ मध्ये पायगेमच्या अनेक कार्यकर्त्यांना वेगळी वाट धरावी लागली, तेव्हा त्यांनी तीच संहिता घेऊन काम पुढे चालविले आणि कोणी त्यांना अडवू शकले नाही. टंकासाठी ‘लोहित देवनागरी’ हा मुक्त टंक डेबियनच्या भांडारात उपलब्ध आहे.

ग्वाल्हेरच्या हवामानाचा विचार येथे वगळून चालणार नाही. मे महिन्यात या शहराचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. बोर्डावरील प्रोसेसरचे तापमान ८० अंशांवर पोहोचले की यंत्र स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवू लागते आणि खेळ मंदावतो. म्हणून उष्णता शोषणारी पट्टी किंवा लहान पंखा लावावा आणि बोर्ड बंद डबीत कोंडू नये. दुसरे संकट अचानक वीज जाण्याचे. कार्डावर मजकूर लिहिला जात असताना वीज गेली तर कार्ड बिघडण्याचा संभव असतो. संगणक रीतसर बंद करावा, आणि महिनाभराच्या श्रमाची एक प्रत पेनड्राइव्हवर नित्य ठेवावी.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रास्पबेरी पाय सुरू करणारा काही अंतर्गत भाग बंदिस्तच आहे. त्याची साधने मुक्त असली तरी बोर्ड सर्वस्वी मुक्त नाही. शिवाय तोच बोर्ड हवा असा हट्टही नको. जुना टाकाऊ समजला गेलेला संगणक घरी असेल, तर त्यावर डेबियन बसवून हीच साधने चालतात. ज्याचे मुख्यालय पुण्यात आहे त्या ‘सी-डॅक’ने ‘वेगा’ नावाचे भारतीय प्रोसेसर आणि त्यांवरचे ‘एरीज’ हे बोर्डही तयार केले आहेत. हे बोर्ड पूर्ण संगणक नसले, तरी दिवे, बटणे आणि लहान यंत्रे चालविण्याचे शिक्षण त्यांवर घेता येते.

यंत्र आले म्हणजे विद्या आली, हा भ्रम तर कटाक्षाने टाळावा. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या लहान गावच्या शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपवरही मुक्त साधने होती आणि पायथनचे प्रोग्राम लिहिण्याची सोय होती. परंतु पेरू देशात याच योजनेची ३१९ शाळांत पाहणी झाली, तेव्हा लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात वा भाषेत प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रे पोहोचली, त्यांच्या साहाय्याने काय शिकवावे हे शिक्षकांपर्यंत तितक्या तयारीने पोहोचले नाही. ज्या शाळेत ‘अटल टिंकरिंग लॅब’ आहे तेथे हा धडा विशेष ध्यानी ठेवावा. ग्वाल्हेरात जन्मलेल्या अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी या प्रयोगशाळा निघाल्या आणि प्रत्येकीस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. पेटीतील बोर्ड हरवतील या भीतीने कुलपात राहिले, तर त्या अनुदानाचा उपयोग तो काय?

शिक्षकाला सारे येत असलेच पाहिजे असे नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त साधनांचे पाठ तयार केले असून त्यांतील अनेक पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. ग्वाल्हेरात १९५७ पासूनची माधव तंत्र संस्था आहे, १९९७ पासूनची माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी जवळच्या शाळेत दोन तास दिले, तर शाळेचे काम पुष्कळ हलके होईल. घरची मराठी, बाहेरची हिंदी आणि यंत्राची इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वावरणाऱ्या येथील मराठी मुलांना भाषेचे भय मुळातच कमी असते. हे त्यांचे बळ ओळखून वापरले पाहिजे.

आरंभ लहानच असावा. एक बोर्ड, चार मुले आणि आठवड्यातील एक दुपार. पहिल्या दिवशी कार्ड लिहावे, दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक चौकोन हलवावा, महिन्याच्या अखेरीस सापशिडीचा पट उभा राहावा. ९८ वरचा साप फार जाचतो अशी कोणी तक्रार केली, तर त्या मुलाने तो संख्येचा आकडा स्वतः बदलून पाहावा, आणि मग साप नसलेला खेळ इतका नीरस का झाला याचाही विचार करावा. ज्याने एकदा असा नियम बदलून पाहिला, त्याला बाजारातल्या खेळाचा नियमही कोणीतरी, काही हेतूने, लिहिलेला आहे हे उमगते. तो हेतू ओळखण्याची बुद्धी मुलांमध्ये जागी करणे हे पालकांचे आणि शिक्षकांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने आज कोणाच्याही परवानगीवाचून मिळू शकतात.